काकूंनी सोडवलेला अंगठा

दवाखान्यात तिला सगळे तारताई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच पडून होतं. दातांच्या त्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक अरुंद कार्यशाळा होती. लांब बाक, त्यावर पकडींची रांग, तारा सांधणाऱ्या झाळकामाची बारीक ज्योत, घासायचं चाक आणि जिकडेतिकडे प्लास्टरचे जबडे. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई माणसांची तोंडं बघायच्या आणि मागच्या खोलीत तारताई त्याच तोंडांच्या साच्यांवर तारा वाकवायची. मधे होती ती लाकडी फळ्यांची भिंत. इकडे शिंकलं तर तिकडून कुणीतरी 'सांभाळा' म्हणावं इतकी पातळ.

तारताईचा हात लहान मुलांच्या कामात बसलेला होता. वेडेवाकडे दात ओढणाऱ्या तारा तर ती करायचीच, पण तिची खासियत म्हणजे अंगठा चोखणाऱ्या मुलांसाठीची जाळी. मागच्या दोन दाढांना बसणाऱ्या दोन कड्या, त्यांना टाळूवरून जोडणारी जाड तार आणि पुढच्या दातांच्या मागे त्या तारेला झाळलेलं एक इवलंसं कुंपण. अंगठा आत गेला की त्या कुंपणाला अडतो, टाळूला टेकत नाही, चोखण्याची मजा जाते. दुखत काही नाही. चारदोन दिवस मूल बोबडं बोलतं, जेवताना घास अडकतो, मग सवय होते. डॉक्टरीणबाई प्रत्येक मुलाला सांगायच्या, "ही शिक्षा नाही हं. ही आठवण करून देणारी मैत्रीण." पलीकडे बसलेल्या तारताईला ते वाक्य पाठ झालं होतं. दरवेळी ते ऐकताना तिचे ओठ घट्ट मिटायचे, आणि का ते तिने कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

त्या सकाळी ती एका साच्याच्या कडा तासत होती, तेवढ्यात फळ्यांच्या पलीकडून आवाज आला.

"च्यक्! काट्यांचं बसवा, डॉक्टर. माझ्या ओळखीत एकीला बसवलं होतं. जरा टोचलं म्हणजे पोरांना अक्कल येते, काय समजलात!"

तारताईच्या हातातली सुरी प्लास्टरमध्ये रुतून साच्याचा एक दातच उडाला. आवाज म्हातारा झाला होता, थोडा फाटला होता. पण बोलायच्या आधीचं ते 'च्यक्' आणि बोलून झाल्यावरचं ते 'काय समजलात' तिने हजार बायकांत ओळखलं असतं.

"काट्यांचं मी बसवत नाही, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साधी जाळी पुरते. आणि तीसुद्धा आधी मुलीला विचारून. काय गं, तुला सोडायचाय ना अंगठा?"

"पोरीला काय विचारायचं त्यात?"

"आई, बोलू द्या ना तिला," एक दमलेला, तरुण बाईचा आवाज आला. ती सून असणार.

"सोडायचाय," एक बारीक आवाज म्हणाला. "पण झोपताना तो आपोआप येतो."

तारताई उठली आणि तिने कार्यशाळेचं दार आतून लावून घेतलं. भीतीने लावलं असतं तर तिला स्वतःचीच लाज वाटली असती. पण ती भीती नव्हती. इतकी वर्षं जे माणूस तिच्या डोक्यात भाडं न देता राहत होतं, ते आज स्वतःच्या पायांनी चालत तिच्या दारात आलं होतं.

तारताईची आई गेली तेव्हा ती पाच वर्षांची होती. बाप जहाजांच्या गोदीत दूर कामाला. एकट्याने पोर कशी सांभाळणार? त्याने तिला थोरल्या भावाच्या घरी ठेवलं. काका सरळ माणूस, इतका सरळ की बायकोसमोर कधी वाकडा झालाच नाही. घर काकूंचं होतं. पोरगी त्या घरात आली तेव्हा तिच्याजवळ दोनच गोष्टी होत्या, उजव्या हाताचा अंगठा आणि आईच्या निळ्या झग्याची बाही. झगा जुना झाल्यावर आईनेच ती कापून तिला दिली होती. अंगठा तोंडात आणि बाही नाकाशी, एवढं मिळालं की पोरगी झोपायची. बाहीला आईच्या अंगाचा वास होता. निदान तिला तरी तो येत होता.

काकूंना ते खपलं नाही. "एवढी घोडी झाली आणि अंगठा चोखते! लोक काय म्हणतील, उपाशी ठेवते मी हिला?" आधी कडू औषध लावून झालं. मग मिरचीची पूड. ती डोळ्यांत गेली तेव्हा पोरगी दिवसभर आंधळ्यासारखी भिंत चाचपत फिरली. मग काकूंनी जुन्या मोज्याची पिशवी करून तिच्या हातावर चढवली आणि अंगातल्या फ्रॉकच्या बाहीला शिवूनच टाकली, सुटू नये म्हणून. पाहुणे आले की तिला बोलावणं यायचं. "या, या, अंगठाबहाद्दर! दाखवा तुमची करामत!" पाहुण्यांच्या मधोमध उभं राहून तिने तो पांढराफटक, सुरकुतलेला अंगठा वर करून दाखवायचा. पाहुणे हसायचे. शाळेत जाईपर्यंत तिला अंगठाबहाद्दर म्हणजे निरक्षर माणूस हे ठाऊकच नव्हतं. शाळेत बाईंनी तो शब्द फळ्यावर लिहिला, तेव्हा वर्गात एकटी तीच रडली.

हे सगळं एक वेळ तिने गिळलं असतं. पण एका सकाळी काकूंनी तिच्या उशाखालची बाही काढली, चुलीपाशी नेली आणि तिच्यादेखत आत टाकली. "हेच मूळ आहे सगळ्याचं." पोरगी चुलीत हात घालायला धावली तेव्हा काकूंनी तिला खांद्याला धरून मागे ओढलं आणि धरूनच ठेवलं, कापड जळून जाईपर्यंत. काका दारात उभे होते. ते खाकरले आणि बाहेर गेले.

बाप आला तेव्हा तिने त्याला सांगितलं. तो म्हणाला, "काकू तुझ्या भल्यासाठीच करतात." त्या दिवसापासून तिने कुणाला काही सांगणं सोडलं. बारा वर्षांची झाल्यावर वसतिगृहात गेली, तिथून शिकून या कामाला लागली, लग्न केलं आणि काकूंच्या घराकडे पुन्हा पाऊल टाकलं नाही. काकूंचा मुलगा, तिचा चुलतभाऊ, तेव्हा जेमतेम सहा वर्षांचा होता. आता त्याचं लग्न होऊन मुलगी झाली होती, आणि त्याच मुलीच्या तोंडाचा ठसा डॉक्टरीणबाईंनी तारताईच्या बाकावर आणून ठेवला.

"नाजूक काम आहे, तारताई. पोरगी सहा वर्षांची आहे, गुणी आहे. आजी मात्र, बाई बाई बाई!"

"ऐकलं मी," तारताई म्हणाली.

तिने ठशात प्लास्टर ओतलं, सुकू दिलं आणि साचा काढून तळहातावर घेतला. वरचे पुढचे दात बाहेर झुकलेले, टाळू अरुंद आणि खोल. अगदी तिच्यासारखी टाळू. रक्ताचं नातं असं प्लास्टरमध्ये उतरून समोर येईल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. ती बघत राहिली आणि तिच्या मनात जे आलं ते चांगलं नव्हतं. या घरातलं एक तोंड तरी माझ्या मुठीत आलं, असं तिला वाटलं. जाळीची टोकं घासली नाहीत तर? डोळ्यांना दिसणार नाही एवढीच खरखरीत ठेवली तर पोरगी रात्रभर रडेल, काकूंचा डोळ्याला डोळा लागणार नाही. त्यांनाच काटे हवे होते ना? घ्या काटे.

तिने तार वाकवली, कड्यांना सांधली, कुंपण झाळलं आणि टोकं तशीच ठेवली. डबा बंद करून त्यावर चिठ्ठीही चिकटवली. मग डबा उघडून जाळीवरून बोट फिरवलं. बोटाला टोक लागलं. ती चाकाशी जाऊन बसली आणि टोकं घासत राहिली, कितीतरी वेळ, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. पोरीचा काय दोष? पण राग तिने त्या चाकावर घासला नाही. तो तिने नीट, धार लावून, काकूंसाठी बाजूला ठेवला.

घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "जाऊ दे गं. म्हातारी झालीय. सोडून दे आता."

"तुझ्या आईची काय वस्तू आहे आपल्याकडे?"

"तिचा चष्मा आहे ना. कपाटात."

"जाळू का?"

उठून त्याने भांडी घासायला घेतली.

जाळी बसवायच्या दिवशी तारताई डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "आज मी येते आत. कडी घट्ट वाटली तर तिथेच सैल करून देईन." कडी घट्ट होणार नव्हती, हे तिला माहीत होतं. काकूंना सुनवायची चार वाक्यं तिने येताना बसमध्ये घोकून ठेवली होती.

त्यांतलं एकही लागलं नाही. कारण ती आत शिरताच काकूंनीच डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. त्या वाळल्या होत्या, हातात काठी आली होती. पण बसण्याची ऐट तीच होती.

"अगं बाई! च्यक्! तू आमची... अंगठाबहाद्दर ना गं तू?"

खुर्चीतली मुलगी मान वळवून बघायला लागली. सून गोंधळली. "आई, तुम्ही ओळखता यांना?"

"ओळखते म्हणजे? माझ्या हाताखाली वाढली! तुझी नणंद लागते ही, चुलत. आई मेल्यावर आम्हीच सांभाळली. हिचाही अंगठा मीच सोडवला, काय समजलात! आणि आज बघा, कुठे जाऊन पोचली. डॉक्टर, तुम्ही उगीच नाजूकपणा करता. कडकपणाशिवाय पोरं सुधरत नाहीत, हा बघा जिवंत पुरावा!"

तारताईने हातातला डबा ट्रेवर ठेवला. तिला एकदम स्वस्थ वाटलं.

"खरंय," ती म्हणाली. "वहिनींना सांगा ना काकू, कसा सोडवलात ते."

काकूंना तेवढंच हवं होतं. त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली आणि रंगात येऊन सांगायला लागल्या. कडू औषधाचं सांगितलं. मोज्याच्या पिशवीचं सांगितलं. "अशी शिवली होती की बस! आठवडाभर हात धुता आला नाही हिला," म्हणत स्वतःच हसल्या. पाहुण्यांसमोर अंगठा दाखवायला लावल्याचं सांगताना त्यांनी स्वतःचाच अंगठा वर करून नक्कल केली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. सूनही हसली नाही.

"मिरचीचं राहिलं," तारताई म्हणाली.

"हो, ती लावली होती थोडी..."

"डोळ्यांत गेली होती. दिवसभर दिसत नव्हतं मला. आणि बाहीचं? बाहीचं सांगा ना."

"कसली बाही?"

"आईच्या झग्याची. निळी."

काकूंच्या चेहऱ्यावरचं हसू ओठांवरच राहिलं, डोळ्यांतून गेलं. "असेल काहीतरी. चिंधी होती एक. मळकी."

"काय केलंत तिचं?"

"एवढं कुणाला आठवतंय? जुन्या गोष्टी—"

"मला आठवतंय. तुम्ही ती चुलीत टाकलीत आणि ती जळेपर्यंत मला धरून ठेवलंत. डाव्या खांद्याला. बरोबर ना, काकू? तुमच्या सोडवण्यातला शेवटचा भाग आहे तो, तो कसा वगळता? आणि एक सांगते. माझा अंगठा तुम्ही सोडवलाच नाहीत. तुमच्या घरातून गेले तेव्हाही मी चोखत होते. पलंगाखाली जाऊन, तोंडावर पांघरूण घेऊन. तुम्ही मला फक्त लपायला शिकवलंत."

खुर्चीतली मुलगी उठून बसली होती. तिच्या गळ्याभोवतीचा कागदी रुमाल एका बाजूला लोंबत होता. ती आजीकडे बघत होती.

"आजी, माझा ससा पण तूच जाळलास?"

"काहीतरीच काय बोलतेस! हरवला तो!"

"मी शोधला सगळीकडे. तू म्हणालीस, अंगठ्याबरोबर ससाही जाणार."

सुनेने सासूकडे पाहिलं. "आई, ससा कुठे आहे?"

"अगं, फाटका कापडी ससा तो..."

"कुठे आहे?"

"टाकला मी!" काकू ओरडल्या. "कचऱ्यात टाकला! तुमच्यानं होत नव्हतं म्हणून मी केलं! पोरीचे दात बाहेर यायला लागले ते दिसत नव्हते का तुम्हाला?"

मुलगी रडली नाही. ती फक्त खुर्चीतच आजीच्या विरुद्ध बाजूला सरकली आणि तिने आईचा हात धरला. तारताईने ते सरकणं पाहिलं. आयुष्यात बरेच आनंद तिला मिळाले होते, पहिला पगार, लग्न, स्वतःचं घर. पण त्या मुलीचं ते वीतभर सरकणं बघताना जे वाटलं, त्याची सर कशालाच नव्हती. आणि याची तिला जराही लाज वाटली नाही.

जाळी त्या दिवशीच बसली. कडी अगदी अचूक होती. डॉक्टरीणबाईंनी मुलीला आरसा दिला, तिने जीभ लावून बघितली आणि बोबडं बोलत म्हणाली, "गाल लागतंय." गाल म्हणजे गार. सून जाताना तारताईपाशी थांबली. "मला माहीत नव्हतं हो काही," एवढंच म्हणाली. काकू आधीच काठी टेकत रस्त्यावर गेल्या होत्या.

पुढचं सगळं तारताईला सुनेकडूनच कळत गेलं, कारण ती मुलीला तपासायला घेऊन येई आणि मग मागच्या खोलीत डोकावत असे. घरात मोठा तमाशा झाला होता. मुलीला आता आजीजवळ एकटं ठेवत नव्हते. शाळेतून आली की ती शेजारणीकडे जायची. चुलतभावाने एकदा फोन केला आणि तारताईवर आवाज चढवला, "आमच्या घरात काडी टाकलीस तू!" तारताई म्हणाली, "हो, टाकली." त्याने फोन ठेवला.

मग एका दुपारी काकू एकट्याच आल्या. रिक्षातून उतरल्या, भिंत धरत धरत मागच्या दारी आल्या आणि न विचारता स्टुलावर बसल्या. त्यांना धाप लागली होती.

"पोर माझ्याशी बोलत नाही," त्या म्हणाल्या. "जवळ घ्यायला गेलं की आईच्या मागे लपते."

तारताई तार वाकवत राहिली.

"तू सांग ना सुनेला. तुझं ऐकते ती. म्हणावं, म्हातारीला माफ करा."

"मी नाही सांगणार."

"अगं, तेव्हा मला तरी कुणी विचारलं होतं? पोटात पोर, घरात सासू अंथरुणाला खिळलेली, आणि तुझ्या बापानं दुसऱ्याचं लेकरू आणून माझ्या पदरात टाकलं. रात्रभर तू त्या चिंधीला धरून हुंदके द्यायचीस. मला ते ऐकवत नव्हतं. वाटलं, चिंधी गेली की गप्प बसेल."

हे खरं होतं. तारताईला लगेच कळलं की हे खरं आहे. त्या वेळी काकू जेमतेम पंचविशीच्या असतील, पोट पुढे आलेलं, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिला ती बाई क्षणभर स्पष्ट दिसली. तिला तिची कीवही आली. पण कीव एका बाजूला आणि राग दुसऱ्या बाजूला, एकाने दुसऱ्याला पुसून टाकलं नाही.

"गप्प बसले ना मी?" ती म्हणाली. "झालं की मग तुमच्या मनासारखं."

"माफ नाही करणार?"

"नाही काकू."

"मी मेल्यावर तरी?"

"ते तेव्हा बघू. रिक्षा बोलावू का तुम्हाला?"

काकूंनी मान हलवली, ती हो की नाही ते कळलं नाही. तारताईने रिक्षा बोलावली, त्यांना दंडाला धरून आत बसवलं, काठी नीट पायाशी ठेवली. काकूंनी तिच्याकडे पाहिलं नाही. रिक्षा वळणावर जाईपर्यंत तारताई दारात उभी होती.

काही महिन्यांनी मुलीची जाळी काढली. अंगठा सुटला होता. झोपेतसुद्धा येत नव्हता. काकू तोवर दुसऱ्या गावी आपल्या बहिणीकडे राहायला गेल्या होत्या. त्यांना कुणी हाकललं नव्हतं. जेवायच्या टेबलावर सगळे त्यांच्याशी नीट वागत होते आणि त्यांना तेच सहन झालं नाही, असं सून म्हणाली. मुलगी आता तारताईला आत्या म्हणते. मागच्या खोलीत येऊन प्लास्टरच्या जबड्यांची तोंडं एकमेकांवर आपटून त्यांना बोलायला लावते. तिच्या खेळात एक जबडा नेहमी ओरडणारा असतो आणि बाकीचे सगळे मिळून त्याला खोलीबाहेर घालवतात. तारताई तिला थांबवत नाही.